निळ्या पाखराची बाटली

२ फेब्रुवारी

ज्या काउंटरमागे मी सव्वीस वर्षं उभी राहिले, ते आज चार हमालांनी आडवं करून दाराबाहेर काढलं. दुकान बंद होऊन महिना झाला, पण सामान आज हललं. मास्तर म्हणाले होते, जाऊ नकोस, उगाच जिवाला लावून घेशील. मी गेलेच. परफ्यूमचं काउंटर दाराशीच होतं, म्हणून सगळ्यात आधी तेच निघालं. त्याच्या खालची फरशी तेवढ्या चौकोनात नवी कोरी दिसत होती.

मॅनेजरने जाताना एक खोका हातात दिला. कंपन्यांनी बनवायचे सोडून दिलेले परफ्यूम, नमुन्याला ठेवलेल्या बाटल्या, कुठली अर्धी, कुठली पाव. फेकायच्याच आहेत, हव्या तर न्या म्हणाला. घरी आल्यावर मी डोळे मिटून बसले आणि नवऱ्याला एकेक बाटली नाकाशी धरायला लावली. एकोणीसच्या एकोणीस ओळखल्या. आमच्या मास्तरांनी पस्तीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलाय. तपासायची सवय काही जात नाही. त्यांनी प्रत्येक उत्तरापुढे वहीत बरोबरची खूण केली.

नोकरी गेली तरी नाक शाबूत आहे, हे इथे लिहून ठेवते. पुढेमागे खचले तर वाचायला बरं.

५ फेब्रुवारी

"बंद झालाय तो." काउंटरवर हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला ऐकवायची. माणूस रिकामी बाटली पिशवीतून काढायचा, कागदात गुंडाळलेली, आणि असाच हवा म्हणायचा. मग मी त्याच्या हातावर नवीन काहीतरी फवारायची, तो वास घ्यायचा, छान आहे म्हणायचा आणि न घेता जायचा. तेव्हा मला राग यायचा. इतका महागातला माल पुढे ठेवलाय, आणि ह्यांचं आपलं जुनंच धरून बसणं.

आता वाटतं, ती सगळी माणसं कुठेतरी असतीलच की. आणि त्या बाटल्याही कुठेतरी असतील. बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवर, औषधवाल्यांच्या मागच्या फळीवर, न उघडलेल्या भेटींच्या खोक्यांत. दोघांची गाठ घालून द्यायची एवढंच काम. मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, कर. इतक्या पटकन म्हणाले की मलाच शंका आली.

११ फेब्रुवारी

मागच्या खोलीतलं पांघरुणांचं कपाट रिकामं केलं. परफ्यूमचे तीन वैरी: ऊन, उष्णता आणि हवा. त्यामुळे खिडकीला जाड पडदा, कपाटाला आतून काळा कागद, बाटल्या उभ्या आणि बुचं घट्ट. पांघरुणं आता मास्तरांच्या पुस्तकांवर रचली आहेत. कुरकुर केली नाही बिचाऱ्यांनी. पाटीही त्यांनीच लिहिली, फळ्यावर लिहायचे त्या टपोऱ्या अक्षरात: "बंद झालेले परफ्यूम शोधून मिळतील."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन आठवड्यांत पाच गिऱ्हाइकं. आजची बाई बँकेतून थेट आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिला हवा होता तो माझ्या एकोणिसांत निघाला, तळाशी बोटभर. मी कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन तिला दिला आणि नेहमीचं सांगितलं, की जुन्या परफ्यूमचा वरचा वास कधीकधी बिघडतो, दहा मिनिटं थांबा, मग खरा येईल. ती थांबली. वीस मिनिटं झाली तरी पट्टी खाली ठेवेना. मी विचारलं, आवडतोय ना? ती माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी तिला विचारलं, तुमचा उजवा हात तुम्हाला आवडतो का. म्हणाली, "आवडायचं काय त्यात? हा माझ्या वसतिगृहाच्या खोलीचा वास आहे."

हे मला सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. नवीन परफ्यूमला गिऱ्हाइकाने आवडून घ्यावं लागतं. जुन्याला ती परीक्षाच नाही. तो घरचाच असतो.

मास्तर संध्याकाळी आले ते खळीचा वास घेऊन. मागच्या गुरुवारीही तेच. जुने नकाशे आणि ॲटलास कुठेतरी बसून चिकटवत असतात म्हणे. माझ्या नाकापासून काही लपत नाही.

७ मार्च

आज एक कुलूपवाले आले. चौकात चाव्या बनवतात, बोटांना पितळेचा वास. त्यांचे वडील शिंपी होते आणि दाढीनंतर काळ्या टोपणाचं एक लोशन लावायचे. ते त्यांना हवंय. टोपण किती उंच होतं ते बोटांनी दाखवलं. मी शोधते म्हटलं.

ते गेल्यावर ठरवलं, इथे खरं लिहायचं. हा धंदा मी नुसत्या लोकांसाठी काढलेला नाही. मला 'निळं पाखरू' शोधायचंय.

कंपनीने दिलेलं नाव वळणाच्या अक्षरांत होतं, कुणालाच वाचता यायचं नाही. बाटलीच्या लेबलावर निळं पाखरू होतं, म्हणून सगळे तेच म्हणायचे. आईने पहिल्या पगारात घेतलं तेव्हा मी सात वर्षांची होते. पुढच्याच वर्षी कंपनीने ते बंद केलं आणि आईने ती एक बाटली थेंबाथेंबाने पुरवली. बाहेर जाताना कानामागे एक थेंब, बस. बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची, कारण आईला उन्हात तिची काच बघायला आवडायचं. धाकटी बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. मी लग्न होऊन गेले तेव्हा ती शाळेत होती. शेवटपर्यंत आईपाशी तीच राहिली, आईचं सगळं दुखणंखुपणं तिनेच काढलं, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

आई गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी आम्ही दोघी खोली आवरत होतो. मी बाटली उघडून वास घेतला. गेलेला होता. वर नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा झोंबणारा, खाली जळकट, आंबूस. तळाला दोन बोटं उरला होता. मी तो बेसिनमध्ये ओतला, बाटली साबणाने आणि गरम पाण्याने स्वच्छ धुतली, आतून काठीला कापूस लावून पुसली आणि चकचकीत करून धाकटीच्या हातात दिली. म्हटलं, ही तुझ्याकडेच राहू दे. मी स्वतःला काही ठेवलं नाही.

तिने बाटली घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि निघून गेली. सहा वर्षं झाली. कुणाच्या लग्नात दिसली तर हसते, कशी आहेस विचारते. माझ्या घरात पाऊल टाकलेलं नाही.

मास्तरांनी एकदाच विचारलं होतं, तू तिला कधी चुकलं म्हणालीस का. काय चुकलं? कुठल्याही काउंटरवाल्या बाईला विचारा, बिघडलेला माल ठेवत नाहीत. पण तिला वास हवा असेल, तर ताजा, न बिघडलेला वास मी तिला आणून देईन. मग बघू कशी रुसून बसते.

२१ मार्च

सापडलं.

एका औषधवाल्याचं दुकान मोडीत निघालं होतं. त्याच्या बायकोने फोन केला, मागे काही जुने सेंट आहेत, बघून जा. सर्दीच्या मलमांच्या मागे खोका होता, कागद न फाडलेला. कुलूपवाल्यांचं काळं टोपणही तिथेच मिळालं, तेही बंद खोक्यात. जमिनीखालची खोली, थंड आणि काळोखी. ह्याहून चांगलं कुठलंच कपाट नाही.

घरी आणून सरळ धाकटीसाठी ठेवून द्यायचं ठरवलं होतं. पण तपासल्याशिवाय माल देणं धंद्यात बसत नाही. बूच काढलं.

मला वाटलं होतं मी मनाशी यादी करीन, वर अमुक, मधे तमुक, तळाशी लाकूड. यादीबिदी काही झाली नाही. आई तीस वर्षांची झाली. हिरवी पानं चुरगळल्याचा वास, मग थोडी पावडर, आणि आई मला हाताला धरून भरभर चालतेय, तिला कामाला उशीर झालाय, तिच्या वेणीचं टोक माझ्या तोंडाला लागतंय. इतकी तरुण आई मी विसरूनच गेले होते. मी पलंगावर बसून पोरीसारखी रडले. मास्तर दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

आता धाकटीला किती आनंद होईल.

२९ मार्च, रविवार

धाकटी येऊन गेली. मास्तरांनी फोन केला आणि ती चक्क हो म्हणाली. इतकी सहज कशी तयार झाली कोण जाणे. आल्या आल्या माझ्या गुडघ्याबद्दल विचारलं. गुडघ्याचं तिला कुणी सांगितलं तेही कळलं नाही.

वाळली आहे. ग्रंथालयात पुस्तकांच्या बांधणीत असते, बोटांवर कात्रीचे घट्टे. केस आईसारखे पिकायला लागलेत, कपाळावरून मागे. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ती पिशवी पुढे धरून बसली होती. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग मी बाटली आणली आणि तिच्यासमोर ठेवली. निळं पाखरू बघून तिने पिशवी बाजूला ठेवली. मी तिच्या मनगटावर थेंब लावला.

तिने वास घेतला. डोळे मिटले. पुन्हा घेतला. 

"छान आहे गं," ती म्हणाली. "पण ही आई नाही."

मी तिला समजावलं. शिक्का दाखवला, खोक्यावरचा आकडा दाखवला, हेच ते, ह्यात तसूभर फरक नाही. ती मान हलवत राहिली. म्हणाली, ताई, असेल, तू म्हणतेस तर असेल. मग मनगट रुमालाने पुसलं, अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून, आणि पावणेसहाची बस आहे म्हणून उठली.

३० मार्च

हट्टी आहे. लहानपणापासून हट्टी. सव्वीस वर्षं मी ह्यात काढली, आणि ही खळीत बोटं बुडवणारी मला सांगणार आईचा वास कुठला. तिला रुसायचंच आहे. मी आकाशातून आई उतरवून आणली तरी ती पदर वेगळा म्हणेल.

मास्तर दिवसभर घरात अळीमिळी गुपचिळी. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. म्हणाले, मला नाकातलं काय कळतं.

८ एप्रिल

कुलूपवाले लोशन परत घेऊन आले. मी म्हटलं, बिघडलं होतं का? नाही नाही, उत्तम आहे, त्यांनी घाईघाईने सांगितलं. दोनदा लावून पाहिलं. मुलांना आवडलं. पण त्या वासात त्यांचे वडील काही आले नाहीत.

मी त्यांना बसवलं आणि विचारत गेले. वडिलांची बाटली कुठे असायची? कोळशाच्या इस्त्रीच्या वरच्या फळीवर. किती वर्षं? मला आठवतं तेव्हापासून. मग मीच हसले आणि समजावलं, की अहो, रोज शेकून निघालेलं ते लोशन केव्हाच गेलं असणार. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर खराब झालेलं लोशन लावलं.

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. जरा वेळ टोपणावर बोट फिरवलं.

"असेल बाई," ते म्हणाले. "पण आम्हाला वडील तेवढेच एक होते."

९ एप्रिल

आईची बाटली चाळीस वर्षं खिडकीत होती.

१० एप्रिल

काल एकच ओळ लिहिली आणि वही मिटली. आज पूर्ण लिहिते, टाळायचं नाही.

मी ज्या आईला ओळखते, तिच्या कानामागे ताजं निळं पाखरू होतं. मी घरात होते तोवरही ते जरा जरा बदलत असणार, पण माझ्या मनात पहिलाच वास बसला, आणि मग मी लग्न होऊन घर सोडलं. पुढे ते उन्हात बदलत गेलं, जरा जरा, रोज, आणि आई तेच लावत राहिली. धाकटीने शाळेतून येऊन ज्या मानेत तोंड खुपसलं त्या मानेला तो वास होता. दुखण्यात आईला उठवून बसवताना धाकटीच्या नाकाशी तो वास होता. वर झोंबणारा, खाली जळकट. तिला दुसरी आई माहीतच नाही. आणि माझ्या आईच्या उशाशी बसायला मी कितीदा गेले? गेले तेव्हा बोटांना दुकानातले दहा वास असायचे. शेवटच्या वर्षांत आईला कसला वास येतो हे मला कळायची सोयच नव्हती.

मी गिऱ्हाइकांना सांगते, बिघडलेला वरचा वास जाऊ द्या, मग खरा येईल. धाकटीचा खरा तोच होता. मी तो बेसिनमध्ये ओतला आणि वरून गरम पाणी सोडलं.

१२ एप्रिल, रविवार

गेले. दोन बस बदलून गेले. मास्तरांना म्हटलं, चला, तर म्हणाले, मी नको, तुम्ही दोघी बोला. आणि कुठल्या थांब्यावर उतरून कुठल्या गल्लीत वळायचं ते न विचारता सांगितलं. भूगोल पक्का आहे त्यांचा.

धाकटीच्या एका खोलीत टेबलभर पुस्तकं दाबाखाली ठेवलेली. मी बसलेसुद्धा नाही. दारातच म्हटलं, माझं चुकलं. तो आईचा वास होता आणि मी तो फेकला. तुला विचारलं नाही.

 तिने टेबलावरची खळीची वाटी झाकली, ब्रश धुतला. मला वाटलं, आता ही मला परत पाठवणार.

"फेकलंस त्याचं नाही गं ताई," ती म्हणाली. "तू बूच काढलंस, वास घेतलास आणि नाक मुरडलंस. मी समोर उभी होते. आईचा वास घेऊन तू नाक मुरडलंस."

 खरंच मुरडलं होतं. सवयीने, काउंटरवर मुरडायची तसं. मी रडायला लागले आणि तीही. मग तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि आम्ही दोघींनी सहा वर्षांचं एकमेकींना सांगितलं, मधेमधे भांडत. तिने मला आईच्या शेवटच्या महिन्यांचं सांगितलं. मी तिला भरभर चालणाऱ्या तरुण आईचं सांगितलं. तिला ते कुणीच सांगितलं नव्हतं. वेणीचं टोक तोंडाला लागायचं, हे तिने मला दोनदा सांगायला लावलं.

मी निघताना ती म्हणाली, त्या दिवशी दाखवलीस ती बाटली कुठे आहे? मी बरोबर आणली होती, काळ्या कागदात गुंडाळून. तिने कागद सोडला, बाटली घेतली आणि सरळ जाऊन खिडकीत ठेवली. भर उन्हात. वर बूचही सैल केलं.

माझा हात आपोआप पुढे गेला. म्हटलं, अगं, ऊन आहे तिथे, खराब होईल.

"माहीत आहे," ती म्हणाली. "किती दिवस लागतील?"

दिवस नाहीत, वर्षं, मी सांगितलं. अशी उघडी ठेवलीस तर सात-आठ. कदाचित जास्त. आईच्या वासापर्यंत पोचायला किती, ते मलाही सांगता येणार नाही.

"मग तुला येऊन बघत राहावं लागेल. मला कुठे कळतंय त्यातलं."

बसमध्ये मनात हिशेब झाला. जगात ह्या बाटल्या आता किती उरल्या असतील? चार? दोन? आणि त्यातली एक मी आपण होऊन उन्हात सोडून आले. माझी आई अजून त्या बाटलीत आहे. ती रोज जराजराशी धाकटीची होत जाणार. मला थोडं दुखलं, हेही लिहून ठेवते. थोडंच.

३ मे, रविवार

धाकटीकडे गेले होते. मास्तर बरोबर होते. तिने त्यांना न विचारता बिनसाखरेचा चहा दिला.

बाटलीतलं पाणी जरासं पिवळं दिसतंय, की मला तसं वाटतंय, ठरवता येईना. दोघींनी पट्टीवर थेंब घेतला. हिरवी पानं जशीच्या तशी. मला आतून बरं वाटलं, पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

२४ मे, रविवार

कुलूपवाल्यांसाठी एका जुन्या केशकर्तनालयातून काळ्या टोपणाची अर्धी बाटली मिळाली. तापलेल्या पाण्याच्या बंबाशेजारी वर्षानुवर्षं पडून होती. मी वास घेतला, आणि नाक सरळ ठेवलं. काल ते घेऊन गेले. इथेच बसून मनगटाला लावलं आणि मनगट नाकाशी धरून बसले. मी तोवर आत जाऊन चहा टाकला.

दुपारी धाकटीकडे. पट्टी मी तिच्या हातात दिली, आज तूच आधी सांग म्हटलं. तिने डोळे मिटले, दहा मिनिटं थांबली, पुन्हा वास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"अजून चांगलाच येतोय गं," ती हिरमुसून म्हणाली, आणि बाटली खिडकीत आणखी थोडी पुढे सरकवली.